चौदा नंबरची कुपी

११ फेब्रुवारी १९८५, सोमवार

साडेनऊला लॅबमध्ये पोहोचले. मुंबईहून ट्रेसरची बाटली आली होती, रजिस्टरला नोंद केली. दुपारी स्टँडर्डच्या ट्यूबा लावल्या. मारोतरावांनी पिपेटच्या टिपा धुऊन सुकत घातल्या. पाचला निघाले. भाजी घेतली नाही, कालची होती.

ही डायरी मनूची. मनकर्णा, माझी धाकटी बहीण. महानगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. नव्या वर्षाची डायरी तिने नोव्हेंबरातच सीताबर्डीवरून आणून ठेवली होती. २७ डिसेंबरला ती गेली. डोक्यात गाठ होती, कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत घरात माणसं होती. आता मी एकटी आहे. कोरी डायरी रद्दीत घालवेना, म्हणून लिहिते. रोज लिहीन असं नाही.

ट्रेसरचं पार्सल वाटेत कुठेतरी अडकलं होतं. बाटलीवर तयार केल्याची तारीख २७ डिसेंबर आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

मनू नेहमी विचारायची, तू दिवसभर करते काय वं बाई तिथं? मी म्हणायचे, ट्यूबा मोजते. नीट कधी सांगितलंच नाही. आता लिहून ठेवते.

मेंदूत एक प्रथिन असतं, कॅल्शियमला धरून ठेवणारं. एस-हंड्रेड त्याचं नाव. मेंदूला मार लागला किंवा आत गाठ वाढली की ते सुटून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात उतरतं, थोडं रक्तातही येतं. आमचे सर, डॉ. वसंत, ते मोजून रोग आधी ओळखता येईल का ते पाहत आहेत. मोजण्यासाठी सशाच्या रक्तातलं प्रतिपिंड लागतं. ते बरोबर याच प्रथिनाला पकडतं. ट्रेसर म्हणजे तेच प्रथिन, फक्त किरणोत्सारी केलेलं. पकडायच्या जागा ठरलेल्या असतात. माणसाच्या रक्तातलं प्रथिन जास्त असलं तर ट्रेसरला जागा उरत नाही आणि किरणं मोजणारा काउंटर कमी तडतडतो. म्हणजे ज्या ट्यूबचा आवाज कमी, तिच्यात प्रथिन जास्त. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. मलाही पहिले काही महिने वाटायचं.

मारोतराव ट्रेसरला भूत म्हणतात. "दिसत नाही, वास नाही, वजन नाही, पण मशीनले समजते. लायसनवालं भूत हाय बाई हे." ससे तेच सांभाळतात, काचही तेच धुतात. रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत.

आज सरांनी नॉर्मल लोकांच्या जुन्या कुप्या काढायला सांगितल्या. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही वीस निरोगी माणसांचं रक्त घेतलं होतं, म्हणजे निरोगी माणसात हे प्रथिन किती असतं ते ठरवता येईल. लॅबमधले, त्यांच्या घरचे, ओळखीचे. सगळ्यांचे आकडे दोनच्या आत होते. फ्रीजरच्या तळाशी एन-१४ची कुपी सापडली. यादीत चौदावर रेघ आहे आणि पुढे माझ्या अक्षरात 'रक्त फुटलेले, नमुना रद्द' असं लिहिलं आहे.

कुपी तळहातावर धरून वितळवली. रक्त फुटलं की सीरम लाल होतं. हे स्वच्छ होतं, फिकट पिवळं.

एन-१४ म्हणजे मनू.

१८ फेब्रुवारी, सोमवार

स्टँडमध्ये शेवटी दोन जागा रिकाम्या होत्या, ३९ आणि ४०. गुरुवारी त्यांत मनूचं सीरम घातलं होतं. वहीत 'रिकामे' लिहिलं.

आज मोजलं. प्रत्येक ट्यूब एक मिनिट. गरम तेलात मोहरी पडावी तशा तडतडतात. ३९ घातली आणि आवाज खाली बसला. एक, मग थांबून एक. ४० चंही तेच. काउंटरच्या खोलीला खिडकी नाही. आवाज थांबला की तिथे आपलाच श्वास ऐकू येतो.

उत्तर नऊ आलं. तेव्हाही नऊच होतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेसरचा जोर दर साठ दिवसांनी निम्मा होतो. बाटलीवरच्या तारखेपासून आज साठ दिवस झाले. आकडेमोड रोजचीच आहे, पण आज दोनदा केली.

मनूचं सीरम या खेपेलाही लावलं. साडेअकरा आलं. गोठवलेल्या सीरममधलं प्रथिन कमी होतं, निदान तेवढंच राहतं. वाढत नाही. टिपा बदलून पाहिल्या. काउंटर तपासला, ठीक आहे. बाकी सगळ्यांचे आकडे जागच्या जागी.

ट्रेसर महाग आहे. कामाशिवाय तो वापरायला नको हे मला कळतं. पुढच्या वेळी लावणार नाही.

४ मार्च, सोमवार

लावलं. चौदा.

गुरुवारी कुपी काढताना मारोतराव मागे उभे होते. म्हणाले, "किती डाव काढता बाई थे कुपी? बूच ढिल्लं झालं तिचं. वरून लाइटही जाऊन राहिली रोज."

मी म्हटलं, "असू द्या."

"असू द्या तं असू द्या," म्हणाले. "मी काय, काच धुणारा माणूस." मग स्वतःच हसले. सुनेने पाठवलेल्या डब्यातली पुरणपोळी त्यांनी मला दिली. सून म्हणजे प्रेमलता. हुडकेश्वरला त्यांच्याजवळच राहते. "पोयी चांगली करते, पण कप फोडते. या महिन्यात दोन फोडले. चहा कपाच्या बाजूनं ओतते. मी म्हटलं, बाई, तुले कप दिसत नाही का कपाचा राग हाय?"

आवाज बसतो त्या दोन मिनिटांत बाजूच्या स्टुलावर कोणी बसलं आहे असं वाटतं. घाबरवण्यासारखं काही नाही. शाळेतून आल्यावर ती बसायची तसं, न बोलता, चप्पल न काढता. मी वळून पाहिलं नाही. बघितलं असतं तर स्टूलच दिसलं असतं.

१० मार्च, रविवार

सकाळी कपडे वाळत घालताना तुळसाबाई भिंतीवरून बोलल्या. शेजारच्या. मनूच्या आजारपणात त्यांनीच डबे दिले होते.

"काल दुपारी कोण आलं होतं वं प्रेमिला?"

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? दोघीचं बोलणं ऐकू येऊन राहिलं होतं मले. एक तं तूच. आकडे सांगत होती, नऊ, चौदा, असे काय काय. अन् थे दुसरी बारीक आवाजात विचारे, सगळ्यांसारखाच ना वं बाई?"

मी म्हटलं, रेडिओ असेल.

"रेडिओत तुह्यं नाव घेतेत काय?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने वाटीभर वरण आणून दिलं.

काल दुपारी मी झोपले होते. निदान पलंगावर पडले होते. बोलल्याचं आठवत नाही. पण ते वाक्य मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुळसाबाईंना ते माहीत असण्याचं कारण नाही.

त्र्याऐंशीत रक्त दिल्यावर आठवड्याने मनूने विचारलं होतं, "माहा आकडा कितीचा आला? सगळ्यांसारखाच ना वं बाई?" मी भाकरी थापत होते. मी हो म्हटलं.

११ मार्च, सोमवार

अठरा.

कालचं अर्धंच लिहिलं. आता पूर्ण लिहिते.

तेव्हा मनूचा आकडा नऊ आला होता. मी तीनदा लावला, तीनदा नऊ. सरांना म्हटलं, एक नॉर्मल जास्त येतोय. कोणाचा ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्याकडे फक्त नंबर. ते म्हणाले, नॉर्मलमध्ये असं येत नाही, कुठेतरी हात लागला असेल, काढून टाका. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. रोग्याचा आकडा जास्त आला तर तो रोग. निरोग्याचा जास्त आला तर ती चूक. रद्द करायला कारण लिहावं लागतं, म्हणून मी 'रक्त फुटलेले' लिहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं रक्त घेऊन वीसचा आकडा पुरा केला.

तिचं डोकं तेव्हा दुखायचं. खडूच्या धुळीने दुखतं म्हणायची. मी तिला चष्म्याचा नंबर तपासायला नेलं.

नवा चष्मा तिला छान दिसायचा.

१८ मार्च, सोमवार

सरांना मासिकाकडे पेपर परत पाठवायचा आहे. तपासणाऱ्यांनी नॉर्मल कमी आहेत असं कळवलं. आणखी दहा हवेत. महिनाअखेर तक्ता द्यायचा आहे. दिवसभर लोक येत होते. नऊ झाले. दहावा मिळेना.

चार वाजता प्रेमलता सासऱ्यांची किल्ली द्यायला आली. मारोतराव म्हणाले, "घ्या माह्या सुनेचं. दणकट हाय. बैल अडवते."

ती हसत होती. वय अठ्ठावीस असेल. दोन मुलं आहेत. "मले काही झालं नाही तं रक्त काहून घेऊन राहिले?"

"काही झालं नाही म्हणूनच," मी म्हटलं.

"हे बरं हाय. बिमार पडलं तरी सुई, नाही पडलं तरी सुई."

जाताना दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटला. मारोतराव म्हणाले, "दार हलवून ठेवू का तुह्यासाठी?"

तिला एन-३० दिलं. बाकीच्या ट्यूबा लावून झाल्या होत्या, ३९-४०मध्ये मनूही. म्हणून प्रेमलता पुढच्या स्टँडमध्ये, ४१-४२ला गेली.

२१ मार्च, गुरुवार

४० ची ट्यूब काढली आणि ४१ घातली. आवाज वर आला नाही.

मला वाटलं काउंटर बिघडला. प्रथिन नसलेली स्टँडर्डची ट्यूब घालून पाहिली, तडतडली. पुन्हा ४१. शांत. ४२, शांत. मनूचं मिनिट संपलं तरी ती उठली नाही असं वाटलं.

प्रेमलताचं उत्तर अकरा.

२२ मार्च, शुक्रवार

रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार केला. दोन गोष्टी असू शकतात.

एक, मनूचं सीरम प्रेमलताच्या ट्यूबमध्ये गेलं. आमच्या टिपा परदेशी आहेत, धुऊन परत वापरतो. मनूची टिप नीट धुतली गेली नसेल आणि तीच पुढे वापरली गेली असेल. तसं असेल तर त्या मुलीला काही नाही. दोष माझा. जी ट्यूब तिथे असायलाच नको होती ती मी लावली.

दुसरी गोष्ट लिहीत नाही.

सरांनी विचारलं, दहाही झाले का? मी म्हटलं एक जास्त आहे. त्यांनी वर न बघता सांगितलं, "प्रेमिलाबाई, नॉर्मल म्हणजे नॉर्मल. रद्द करा, एखादा नवीन घ्या. मला तक्ता पाहिजे."

रजिस्टर उघडलं. एन-३०समोर पेन धरून बसले. 'रक्त' एवढं लिहिलं आणि मारोतराव आत आले. म्हणाले, "सशाले गाजर आणू का कोबी? गाजर महाग झाले." मी म्हटलं कोबी. ते गेल्यावर लिहिलेलं खोडलं.

पुन्हा लावायचं तर मनूशिवाय लावायला हवं. नव्या टिपेने. आणि तेव्हाही आवाज आला नाही तर मला तोंड उघडावं लागेल. मनूच्या कुपीचं, वहीतल्या 'रिकामे'चं, आणि त्र्याऐंशीचं, सगळं. नोकरीचं मला तितकंसं वाटत नाही. पण मनूचं मोठ्याने बोलावं लागेल.

२५ मार्च, सोमवार

कपाटातून न वापरलेल्या टिपांचं पाकीट फोडलं. सर्वांत आधी प्रेमलताच्या दोन ट्यूबा भरल्या, मग बाकीच्या. ३९-४०मध्ये नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं पाणी घातलं. कुपी फ्रीजरमधून काढली नाही. आज पहिल्यांदाच.

दिवसभर हाताला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. बस चुकली. चालत आले.

२८ मार्च, गुरुवार

३९ घातली. पूर्ण तडतडाट झाला. ४० तसाच. मनूच्या जागेवर एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. स्टुलाकडे पाहिलं. स्टूल होतं.

मग प्रेमलताची ट्यूब घातली. एक. थांबून एक. मी घड्याळाकडे बघत राहिले.

अकरा.

मारोतराव सशांच्या खोलीत पिंजरे धूत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी पाइप बंद केला नाही, म्हणून मला जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"मारोतराव, प्रेमलताला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवा. चष्म्याच्या दुकानात नाही, इथे वॉर्डात. डोळ्याच्या आत बघतात ते."

"काहून? डोळे बरे हायेत तिचे."

"तिचं डोकं दुखतं?"

त्यांनी पाइप खाली सोडला. "सकाळी दुखते म्हणते. उलटी होते कधी. आम्ही समजलो तिसरं हाय."

मग मी सगळं सांगितलं. मनूचा नऊ. रेघ. 'सगळ्यांसारखाच'. पाण्याचा पाइप चालूच होता आणि पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. एक ससा मागच्या पायांवर उभा राहून आमच्याकडे बघत होता.

ते म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या टायमाले तुम्ही कोणालेच नाही सांगितलं?"

"नाही."

"मले सांगून राहिल्या."

"हो."

त्यांनी पाइप बंद केला. म्हणाले, "उद्या आणतो तिले." मग जाता जाता, मला नव्हे, भिंतीला म्हणावं तसं म्हणाले, "दोन कपावरून बोललो मी तिले."

२९ मार्च, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत नसेवर सूज पाहिली, म्हणजे डोक्यात दाब आहे. लगेच मेंदूच्या वॉर्डात भरती केलं. प्रेमलता विचारत होती, "मले तं निरोगी म्हणून बोलावलं होतं ना?" मी तिचा हात धरला. या खेपेला हो म्हटलं नाही, एवढंच.

सरांना खोलीत जाऊन सांगितलं. ट्रेसरचं ऐकून चिडले. वही ओढून 'रिकामे', 'रिकामे', 'रिकामे' वाचलं. "हे काय आहे? दीड महिना?" मी जुनी यादी पुढे ठेवली आणि चौदावर बोट ठेवलं. म्हटलं, ही माझी बहीण. डिसेंबरमध्ये गेली ती.

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. "काढून टाका असं मीच म्हणालो होतो."

"तुम्हाला नंबर दिसत होता. मला माणूस माहीत होतं."

"तेव्हा कळलं असतं तरी..." असं म्हणून ते थांबले. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तक्ता मीच दुरुस्त केला. एन-३० नॉर्मलमधून काढून रुग्णांत घेतलं. सर म्हणाले, "चौदाही घ्या." मी वर्ष लिहिलं, १९८३. वय ३४. स्त्री. नऊ. शेवटच्या रकान्यात निदान आणि मृत्यूची तारीख. अक्षर बरं आलं.

३ एप्रिल, बुधवार

मारोतराव रजेवर होते, आज तासभर येऊन गेले. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. सशांना चारा घातला, मग मला फ्रीजरकडे बोलावलं. मनूची कुपी उजेडात धरून दाखवली. तळाला पिवळा पापुद्रा, ओल नाही.

"मी म्हटलं होतं ना, बूच ढिल्लं हाय. तुम्ही काढा, वितळवा, ठेवा. पाणी उडून गेलं, असल माल राहिला. वाढून नव्हतं राहिलं बाई थे. आटून राहिलं होतं."

साडेअकरा, चौदा, अठरा, सगळं त्यात बसतं. मी कागदावर मांडून पाहिलं, बसतं. पहिला नऊ तेवढा त्यात बसत नाही. तेव्हा कुपी भरलेली होती.

तुळसाबाईंचं काय, ते मी विचारलं नाही. स्वतःलाही नाही.

१७ एप्रिल, बुधवार

प्रेमलताचं ऑपरेशन शुक्रवारी झालं. गाठ मेंदूच्या वरच्या आवरणाची होती, पूर्ण निघाली म्हणतात. तीन दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. मी रोज जेवणाच्या सुट्टीत वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन येत होते. काल तिने डोळे उघडून सासऱ्यांना विचारलं, म्हशीला कोण पाणी पाजतं? उजव्या हातात जोर नाही, येईल म्हणतात.

मारोतराव लॅबमध्ये आले आणि रोजच्यासारखं काच धुवायला लागले. मला म्हणाले, "टक्कल केली तिची. मी म्हटलं, आता तू माह्यासारखीच दिसते. हसली." मग बराच वेळ नळ चालू होता.

मोजणी आहे तशी चालू आहे. नवीन ट्रेसर आला. ३९-४०ला आता रोग्यांचे नमुने लागतात. काही तडतडतात, काही नाही.

२० एप्रिल, शनिवार

अर्धा दिवस होता. दीडला घरी आले. ऊन फार आहे, पत्रा वाजतो. कूलर काढायला हवाच होता. माळ्यावरून एकटीने उतरवला. जाळ्या धुतल्या, खस नवीन लावली, खिडकीच्या बाहेर चढवला.

त्यात पाणी बादलीने भरावं लागतं, नळीचं टोक तिथवर पोहोचत नाही. बाहेरून ओतलं की टाकी किती भरली ते बाहेरून दिसत नाही, आतूनच दिसतं. दरवर्षी मी ओतायचे आणि मनू आत उभी राहून पुरे म्हणायची. आज दोन बादल्या ओतायच्या, आत येऊन बघायचं, परत बाहेर जायचं, असं केलं. सातव्या बादलीला अंदाज चुकला. पाणी खिडकीवरून खोलीत आलं आणि पलंगाखाली गेलं.

पलंग सरकवला. जुनं लुगडं घेऊन फरशी पुसून काढली. लुगडं दोनदा पिळावं लागलं.